दगडातल्या पाच मुली आणि माझा दादा

माझा दादा मला स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला नेतोय, ही बातमी कोपरला आमच्या सोसायटीत पोचली तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंच्या हातून कुकर पडला, आणि पडल्या पडल्या त्याने आणखी दोन शिट्ट्या दिल्या. खोटं सांगत नाही, जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकल्या. कारण दादाला सगळे ओळखतात. दादा म्हणजे बाळकुमचा मधुकर. आमची तिथे भातशेती होती. आता तिच्यावर टॉवर आहेत, इतके उंच की वरच्या मजल्यावरच्या लोकांना ढग हाताने बाजूला सारून खाडी बघावी लागते. दादाच्या बोटांत अंगठ्या एवढ्या की त्याने नमस्कार केला तर झांज वाजल्यासारखं होतं. पण हाच दादा मी माहेराहून निघाले की परसातली शेवग्याची शेंग माझ्या पिशवीत घालताना तिच्याकडे असा बघतो, जणू पोटची पोर सासरी चाललीय.

आणि तो फोनवर म्हणाला, "बाय, तुना इंग्लंड दाखवतो."

मी फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. नंबर त्याचाच होता.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? बाबा गेल्यापासून तू घराभाईर पडलीस का? निखिल तिकडं बोलावतोय. विसा, तिकीट, सगलं माझं."

"आन वहिनी?"

"तिचे गुडघे."

वहिनीचे गुडघे मी आठवड्यापूर्वीच गावदेवीच्या जत्रेत पाहिले होते. बेंजोवाले थकून खाली बसले, पण ते गुडघे थांबले नव्हते.

आता माझ्या संशयाचं कारण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई कृतघ्न आहे. बाबा गेल्या वर्षी वारले. सगळी जमीन गेली तरी टॉवरच्या गेटला लागून एक तुकडा राहिलाय. बाबांची वाडी. एक विहीर, चार नारळ, एक पडवी. तिच्या सातबाऱ्यावर आता दोन नावं आहेत, दादाचं आणि माझं. तो तुकडा बिल्डरला हवाय, आणि त्यासाठी मी माझा हक्क सोडल्याचा कागद, म्हणजे हक्कसोड, सही करून द्यायला हवी.

आमच्याकडे ही सही बहिणी देतातच. भाऊ त्यांना साडी नेसवतो, जेवू घालतो, ठाण्याला नेतो, सही झाली की पुन्हा जेवू घालतो. एखादीने नाही म्हटलं तर भांडण होत नाही हो, छे! फक्त पुढच्या गणपतीला तिला फोन येत नाही. सही केली तर जमीन जाते, नाही केली तर माहेर जातं. माझ्या आत्यांनी सुती साडीवर सही केली, चुलतबहिणींनी पैठणीवर. मला दादा इंग्लंड नेसवायला निघाला होता. म्हणजे वाडीचा भाव कुठवर गेला असेल, तुम्हीच बघा!

आमच्या ह्यांनी पेपर खाली न घेता सल्ला दिला, "जाऊन ये. सही मागितली तर सांग, चष्मा घरी राहिला."

निखिलचं गाव

निखिल हा दादाचा मुलगा, तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याचं गाव इंग्लंडच्या साधारण बेंबीत येतं. विमानाचं वर्णन करत नाही. विमानात काय, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, खोपटहून सुटणाऱ्या एसटीत बसतो तसं, फक्त खिडकी उघडत नाही.

गाव म्हणजे शांतता. इतकी शांतता की पहिल्या दिवशी मला माझ्याच पापण्या मिटल्याचा आवाज यायला लागला. माणसं कुठे गेली? सगळी एकदम कुठे आणि का गेली? निखिल म्हणे, "आत्या, घरातच आहेत सगळे." मग आवाज का नाही? टीव्ही नाही, मिक्सर नाही, कुणी कुणाला गॅलरीतून हाक मारत नाही. अशी शांतता आमच्याकडे फक्त एखाद्या घरात वाटण्या चालू असतात तेव्हाच असते.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो तर रस्त्याकडेला एक टेबल. टेबलावर अंडी, शेजारी पैशांचा डबा, आणि माणूस नाही. "ज्याला हवी तो घेतो आणि पैसे टाकतो," निखिल म्हणाला. मी म्हटलं, असं होणारच नाही, कुणीतरी लपून बघत असणार. मी कुंपणाआड अर्धा तास दबा धरून बसले. एक मांजर आलं, त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि गेलं. बाकी कुणी नाही. कोपर स्टेशनबाहेर असं टेबल मोकळं ठेवा, पाच मिनिटांत त्याच्यावर दुसराच कुणीतरी वडे तळायला लागलेला असेल, आणि दहाव्या मिनिटाला तो तुम्हालाच विचारेल, "टेबल तुमचं कशावरून?"

खाण्याचं म्हणाल तर तिकडे तळलेल्या माशाला चव नसते, म्हणून तो भरपूर बटाट्यांत लपवून देतात. मी घरून सुकटाची चटणी नेली होती. निखिलने एक घास खाल्ला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं की घराच्या आठवणीने, ते मी विचारलं नाही.

पण मी सांगत होते दादाबद्दल. दादा बदलला होता. गाडीत पुढची सीट मला. सकाळी चहा माझ्या हातात आणून देणार. वारा सुटला की स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात. दर प्रेमळपणागणिक माझा संशय वाढत होता. चौथ्या दिवशी एका दुकानात शिरताना त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. ज्या माणसाने माझ्या लग्नात माझ्याच पुढ्यातलं पान ओढून आधी स्वतः जेवून घेतलं, तो दार धरून उभा! घरी आल्यावर तो आणि निखिल नारळ आणायला म्हणून बाहेर पडले. नारळ कशाला, तेव्हा मला कळलं नव्हतं. मी सरळ दादाची बॅग उघडली.

पायमोजे, बंड्या, लोकरी टोपी, आणि तळाशी पिस्ता रंगाची फाईल. चष्मा माझ्या नाकावरच होता. पहिल्याच पानावर हक्कसोडपत्र. माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, कोपरचा पत्ता, आणि पुढे, 'मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय'. खाली सहीची जागा मोकळी. इंग्लंडात सही करून ती चालत नाही, ठाण्याच्या कचेरीत जाऊन स्वतः उभं राहावं लागतं, हे मलाही माहीत होतं. तरी त्याने कागद बरोबर आणला होता. बहुतेक मी विरघळतेय का, ते रोज बॅग उघडून कागदाला सांगत असणार.

मी फाईल होती तशी ठेवली, पायमोजे होते त्या घडीत ठेवले. रडले बिडले नाही. चहा टाकला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. दादा आला, त्याने तो कप "झकास झालाय, बाय!" म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. तेव्हा माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

चर्च

पाचव्या दिवशी निखिल म्हणाला, "आत्या, चला, पप्पांना एक गोष्ट बघायचीय. शेजारच्या गावातलं चर्च." दादा आणि चर्च! दादा आमच्या गावदेवीलाही फक्त पहिल्या आरतीच्या मानासाठी जातो. मी मफलर आवळला आणि निघाले.

शेतातून पायवाट. चर्च छोटंसं, जाड भिंतींचं, भोवती थडगी, आणि ती सगळी म्हातारी माणसं उभ्या उभ्या डुलक्या काढतात तशी कललेली. दाराला कुलूप नाही. आत मेणबत्त्यांचे चांदीचे स्टँड, पंखांवर बायबल ठेवायचा पितळी गरुड, आणि राखायला माणूस नाही. मी दारामागे पाहून घेतलं. नव्हतंच कुणी.

तेवढ्यात मागून आवाज आला. खाट्!

दादाने नारळ फोडला होता. देवळात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्या बाबांचं सांगणं. निखिलने कालच त्याला विचारायला हवं होतं की पप्पा, नारळ आमटीला का? नारळाचं पाणी आठशे वर्षांच्या पायरीवरून ओघळलं आणि खाली जमिनीत बसवलेल्या कुठल्याशा पाद्रीबुवांच्या थडग्याच्या फरशीवर साचलं.

"पप्पा! इथे नाही फोडत! अरे यार, पप्पा!"

"देऊल हाय ना?" दादा म्हणाला, हातात दोन वाट्या. "मग?"

फुलांच्या एका भल्यामोठ्या गुच्छामागून एक म्हातारी उभी राहिली. म्हणजे ती इतका वेळ तिथेच होती! बघा, माझं म्हणणं खरं होतं. पांढरेशुभ्र केस, एप्रन, आणि हातात फुलं कापायची कात्री. ही मार्गरेटबाई. गावातली, चर्चची फुलं तीच बघते. निखिल घामाघूम होऊन तिला समजावायला लागला. तिने सगळं ऐकलं, पायरीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. निखिलने सांगितलं, "विचारतायत, हे देवासाठी आहे की मेलेल्या माणसांसाठी?"

दादा म्हणाला, "सांग, दोगांसाठी."

"मग सगळ्यांनी खायला हवं," असं म्हणून ती आत गेली, सुरी घेऊन आली आणि खोबऱ्याचे तुकडे केकच्या ताटलीत मांडले. मी मनात म्हटलं, बाई पक्की आहे. अशा बाईच्या हातचं खाल्लं की तिच्यापासून काही लपवता येत नाही. तरी खाल्लं.

आणि मग मी भिंतीकडे पाहिलं.

वाचकहो, मी अतिशयोक्ती करते असं लोक म्हणतात, म्हणून इथे मुद्दाम कमी करून सांगते. भिंतीला जमिनीपासून छपरापर्यंत संगमरवराचा एक सरदार चिकटलेला होता. नाव लांबलचक आहे, लिहीत नाही. वारस असतील तर उगाच नोटीस यायची. तीनशे वर्षांपूर्वीचा. एका कोपरावर रेललेला, लग्नातला जावई लोडाला टेकतो तसा. डोक्यावर खांद्यापर्यंत कुरळ्या केसांचा टोप, अंगात रोमन शिपायाचं चिलखत, पायांत पट्ट्यांच्या चपला. निखिल म्हणाला, हा कधी रोमला गेला नव्हता, आणि लढाईलाही नाही. दोन्ही बाजूंना दोर वळावा तसे पिळाचे काळे खांब. वर दगडाचा पडदा, गोंड्यांसकट दोन्हीकडे सारलेला, इतका खरा की वाऱ्याने हलला असं वाटून मी हात लावला, तर गार. पडद्यावर पंखांची गुबगुबीत पोरं, तोंडं वाकडी करून रडतायत. एकाच्या हातात कवटी, आमच्याकडे रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाईल देतात तशी. आणखी एक कवटी अगदी वर, तिला वटवाघळाचे पंख. मरणसुद्धा नटून आलेलं.

सरदाराच्या पायाशी त्याची बायको, एक हात छातीवर, दुसऱ्याचं बोट आभाळाकडे. ती आभाळ दाखवत होती की 'यांना वर न्या एकदाचं' म्हणत होती, ते सांगणं कठीण.

खाली शिलालेख. निखिल वाचून सांगत गेला: दानशूर, सत्यवचनी, गरिबांचा कैवारी, राजाचा विश्वासू, शेजाऱ्यांचा लाडका. मला एकदम घोडबंदर रोडवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवले. तेच सगळे गुण, त्याच क्रमाने! फक्त फ्लेक्स महापालिका काढून नेते, आणि हा मात्र तीनशे वर्षं कुणाला काढता आलेला नाही. दगडात खोटं बोललं की ते इतिहासात जमा होतं.

दादा मात्र भारावला होता. फोटो काढत होता, वितीने चौथऱ्याची लांबी मोजत होता, खांबाला टिचकी मारून आवाज ऐकत होता.

मी सगळ्यात खालच्या ओळीकडे वळले. तिथे त्या सरदाराची मुलं, गुडघे टेकून, हात जोडून. एका बाजूला तीन मुलगे, दुसऱ्या बाजूला पाच मुली. मुलग्यांचे चेहरे तीन तऱ्हांचे होते, एक तर चक्क चिडका. मुलींचा चेहरा एकच, पाच वेळा. शेवटचीचं नाक तुटलेलं.

"पोरांची नावं हायत खाली?" मी विचारलं.

"हो ना आत्या. हा थोरला, हा मधला, हा..."

"आन पोरींची?"

निखिल वाकला, परत वाकला. "लिहिलंय, 'आणि पाच मुली'."

"बस?"

"बस."

मार्गरेटबाई ताटली घेऊन शेजारी येऊन उभी होती. तिला भाषा कळली नसेल, पण मी बोट कुठे ठेवलं ते कळलं. तिने मला खांद्याला धरून खांबाच्या बाजूला नेलं. तिथे एक साधं प्लास्टिकमध्ये बसवलेलं कार्ड लटकत होतं, तिच्या हातचं. निखिलने सांगितलं, ही बाई दर मंगळवारी जुनी दप्तरं घेऊन बसते. जन्म, लग्नं, मरणं. त्यातून तिने या मुलींची नावं शोधली. कार्डावर चार नावं होती. पाचव्या ओळीवर नुसती रेघ.

"पाचवीचं नाव नाही सापडलं," निखिल म्हणाला. "मार्गरेट म्हणतायत, त्यांना पाचवीबद्दल संशय आहे."

ऐकलंत? सात समुद्रांपलीकडे मला माझ्या पंथाची बाई भेटली! आम्ही दोघी त्या तुटक्या नाकासमोर उभ्या राहून खोबरं चघळायला लागलो. तिला वाटत होतं, पाचवीने बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं असावं, एखाद्या गड्याशी. म्हणून दप्तरातूनच तिला काढलं.

मी म्हटलं, "सांग रे तिला निखिल. लग्न बिग्न काय नाय. हिनं भावांना सही दिली नसनार."

निखिलने ते भाषांतर केलं नाही. त्याचे कान लाल झाले. म्हणजे पोराला माहीत होतं!

दादाने ऐकलं. तो मोजायचं थांबला. मग येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला, आणि फोन न काढता, अंगठ्या न वाजवता बोलला. दादा असा बोलतो तेव्हा भीती वाटते, कारण तेव्हा तो खरं बोलत असतो.

"बाय, बाबांचं असंच करायचं मनात हाय. वाडीत, गेटच्या शेजारी. बिल्डर बांधून देतो बोलतोय. सगला मकरान्याचा संगमरवर."

"बाबांचं? असं लोळलेलं?" बाबांना मी आयुष्यात लोळलेलं पाहिलं नाही. पोटरीभर चिखल आणि कमरेला कोयता, झोपले तरी उकिडवे बसल्यासारखे झोपायचे.

"हसू नको. परवा टॉवरमधल्या एका पोरान मना इचारलं, अंकल, आप किधर रेंट पे रहते हो? मना! बालकुममधी! ज्या जागेवर त्याची गाडी उभी हाय तिथं बाबांनी भात लावलाय. दहा वर्सांनी कोन सांगनार, हितं कोन होतं?"

मी हसायची थांबले. कारण हे मलाही वाटत आलंय. गेटवरचा वॉचमन मला हल्ली माहेरी जाताना वहीत नाव लिहायला लावतो.

"काय लिवनार त्याच्यावर?" मी विचारलं.

"बाबांचं नाव. मोठ्या अक्षरात. खाली मी, मग निखिल, मग निखिलला पोरगा होईल त्याचं."

"आन आई?"

"बाबा म्हटलं म्हंजे ती आलीच की."

"आन मी?"

दादाने समोर पाहिलं. समोर पाच मुली गुडघे टेकून. त्याला बहुतेक दुसरीकडे बघायचं होतं, पण त्या चर्चमध्ये जिकडे बघाल तिकडे कुणीतरी मेलेलं बघत असतं.

"लिवू ना," तो म्हणाला. "'एक मुलगी' असं. 'विवाहित' पन लिवू."

मार्गरेटबाईने चहा आणला. छोटे कप, त्यात दूध इतकं की चहाला लाज वाटावी. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, कप ठेवले आणि लांब जाऊन फुलांच्या देठांवर कात्री चालवायला लागली. पण कान इकडेच होते. मी असते तरी तेच केलं असतं.

"त्याच्यासाठी तुझी एक सही लागंल, बाय," दादा अखेर म्हणाला.

"चष्मा घरी राहिलाय."

"चष्मा तुझ्या नाकावर हाय."

मला हसू आलं, त्यालाही आलं. आम्ही दोघं तिथे त्या सरदाराच्या देखत इतके हसलो की वरच्या पोराच्या हातातली कवटी दोन इंच सरकली. आणि हसता हसता, वाचकहो, मी म्हटलं, "देते." का म्हटलं? कारण त्याच्या तोंडून बाबांचं नाव निघालं होतं. कारण बाळकुमच्या त्या दारातून आत शिरले की मी अठ्ठावन्न वर्षांची राहत नाही. ते दार बंद झालं तर मी कुठे जाऊ?

पुढचे तीन दिवस दादाने माझ्यासाठी एकही दार उघडून धरलं नाही. गाडीत पुढे तोच बसला.

ठाणे

परत आल्यावर आठ दिवसांत कचेरीची तारीख ठरली. दादा गाडी घेऊन कोपरला आला, वहिनी मागे बसलेली, गुडघे ठणठणीत. साडी आणली होती, हिरवी. मी नेसले. कचेरीत पंखे, माणसं, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बऱ्याच नव्या साड्या. प्रत्येक साडीत एक बहीण होती. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत होतो.

माझं नाव पुकारलं. समोरच्या साहेबांनी फोटो काढला, मग कागद माझ्याकडे वळवला आणि शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही वाचलंय ना? हा हक्क तुम्ही राजीखुशीने सोडताय?"

त्यांना हे दिवसातून पन्नास वेळा विचारावं लागत असेल. पण मला, देवाशप्पथ, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. आईबापांनी नाही, नवऱ्याने नाही, दादाने तर नाहीच. मला वाटलं, त्या पाचवीलाही असंच कुणीतरी विचारलं असेल आणि तिने काय उत्तर दिलं ते मला पक्कं कळलं. मार्गरेटबाईला पत्र लिहायला हवं.

मी म्हटलं, "नाय."

साहेबांनी मान वर केली. "काय?"

"राजीखुशीनं नाय सोडत."

त्यांनी कागद आवाज न करता दादाकडे सरकवला आणि पुढचं नाव पुकारलं. एवढंच झालं. मला वाटलं होतं छत कोसळेल, निदान पंखा तरी बंद पडेल. काही नाही.

बाहेर येऊन दादाने किल्ली काढली. गाडीचं दार उघडत म्हणाला, "तुना इंग्लंड दाखवलं, बाय."

"दाखवलंस म्हनूनच," मी म्हटलं.

मी रिक्षा करून घरी आले. हिरवी साडी परत मागितली नाही त्यांनी, एवढं खरं.

गणपतीला फोन आला नाही. बाळकुमला आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मी दीड दिवस फोन हातात धरून बसले, अंघोळीलासुद्धा पिशवीत घालून नेला. आमचे हे म्हणाले, "तूच कर ना." पण तसं नसतं. माहेरी फोन करून 'बोलवा' म्हणता येत नाही. गौरी गेल्या, नवरात्र गेलं. तेवढ्या दिवसांत माझा आवाज इतका बसला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरी कुणी आजारी आहे का.

भाऊबीजेला मी पाट मांडला. कशाला मांडलास, असं ह्यांनी विचारलं नाही, बरं केलं. ओवाळायचं ताट भरलं, करंज्या काढल्या. दुपार टळली. मी ताट आत न्यायला उठणार तर जिन्यात अंगठ्यांचा आवाज.

दादा एकटाच होता. चपला काढल्या, पाटावर बसला. टोपी घातली. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला आणि ताटात एक घडी केलेला कागद ठेवला.

मी हात मागे घेतला. "ह्यो कसला कागद?"

"वाच."

"सही हवी काय?"

"सही नको. वाच फकस्त."

मी चष्मा लावला. कागदावर दादाच्या हातचं चित्र होतं, शाळेत असल्यापासून त्याला सरळ रेघ येत नाही. एक साधा दगड, विहिरीच्या काठावर बसवायचा. टोप नाही, चिलखत नाही, रडणारी पोरं नाहीत. त्यावर चार नावं. बाबांचं. आईचं. मधुकर. आणि चौथं माझं, पूर्ण, आणि सगळ्यांच्याच मापाचं.

"बिल्डर?"

"नाय. त्याला नको सांगितलं. वाडी हाय तशीच. दोगांची." त्याने करंजी उचलली. "दगड मीच आनतो. पाथरवट बोलतो, आठ दिवस लागतील."

मी परत पहिल्यापासून वाचलं. नावांत चूक नव्हती. एकाही नावात चूक नाही, हेच मला पहिल्यांदा खटकलं. दादाला माझ्या नवऱ्याच्या नावाचं शुद्धलेखन कधीपासून यायला लागलं?

दादा करंजी चावत माझ्याकडे बघत होता. "बाय, सावकाश वाच. मागं पन कोरंच हाय."

मी उलटून पाहिलं. कोरंच होतं. मग खिडकीशी गेले आणि उजेडात धरून पाहिलं.